‘परीक्षेत येत नाही’: लहान कॉलेजातल्या गणिताचा इतिहास

प्रास्ताविक

भिलाईचे सिविक सेंटर हे पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधील सर्वांच्या येण्याजाण्याचे ठिकाण आहे. एका बाजूला बाजार, एका बाजूला नेहरू आर्ट गॅलरी, आणि आसपास प्रवेश परीक्षांचे क्लास. संध्याकाळी सहाच्या सुमारास क्लास सुटले की सायकली आणि स्कूटी यांची एवढी गर्दी होते की रस्ता ओलांडायला थांबावे लागते. या मुलांपैकी बहुतेकांना इंजिनिअर व्हायचे असते. निदान त्यांच्या घरच्यांना तरी तसे वाटत असते.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. गेल्या वर्षी फूरिये श्रेणीच्या तासाला एका मुलाने हात वर केला. त्याचा प्रश्न साधा होता. श्रेणीत अनंत पदे आहेत; आपण एकेक पद वेगळे घेऊन त्याचे इंटिग्रेशन करतो आणि मग बेरीज करतो; हे चालते असे कोणी ठरवले? प्रश्न अगदी बरोबर होता. घड्याळात पाच मिनिटे उरली होती, युनिट संपवायचे होते. मी म्हणालो, “तो भाग परीक्षेत येत नाही.” मुलगा खाली बसला.

दोन महिन्यांनी तोच मुलगा मला सिविक सेंटरमध्ये पुस्तकांच्या दुकानात भेटला. म्हणाला, “सर, इंजिनिअरिंग सोडून बी.एस्सी. गणित करावे असे वाटते. इथल्याच एखाद्या लहान कॉलेजात. पप्पा म्हणतात, त्यात काही भविष्य नाही. तुम्ही काय सांगाल?” मला तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. मी स्वतः अशाच एका लहान कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालो आहे, तरीही देता आले नाही.

हा पाठ म्हणजे त्या उत्तराची तयारी आहे. लहान कॉलेजात गणित शिकणे याला आपल्या देशात सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. ‘परीक्षेत येत नाही’ हे वाक्य त्या इतिहासात कुठून आले आणि काही जण त्याच्या पलीकडे कसे गेले, ते आपण पाहणार आहोत. त्यासाठी पुणे आणि नागपूर या दोन ठिकाणची उदाहरणे घेऊ, आणि शेवटी पुन्हा भिलाईला येऊ.

१. शिकवणारा एक, परीक्षा घेणारा दुसरा

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांची रचना त्या काळच्या लंडन विद्यापीठासारखी होती. विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. ते अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवण्याचे काम संलग्न कॉलेजांचे. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर त्याच तुकडीतले.

या रचनेचा फायदा उघड होता. गावोगावी लहान कॉलेजे निघू शकली आणि सर्वांच्या पदवीला एकच किंमत मिळाली. पुण्याच्या किंवा पुढे नागपूरच्या मुलाला लंडनला जावे लागले नाही. पण तोटाही याच रचनेत होता. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला काय शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने तो वर्ग कधी पाहिलेला नसे. अशा वेळी शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही नकळत एकच प्रश्न विचारू लागतात: हे येणार आहे का?

म्हणजे ‘परीक्षेत येत नाही’ हे वाक्य कोण्या एका आळशी मास्तरांनी शोधून काढलेले नाही. ते या व्यवस्थेतून तयार झाले आहे. हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण दोष माणसाचा असेल तर माणूस बदलून भागते; व्यवस्थेचा असेल तर त्या व्यवस्थेत वेगळी जागा शोधावी लागते.

२. पदवी नसलेला प्राध्यापक

अशी जागा सुरुवातीपासूनच काही लोक तयार करत होते. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांचे शिक्षण मुंबई विद्यापीठ जन्मण्याच्या आधी झाले, त्यामुळे त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीच नव्हती. तरुणपणी त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केले. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले आणि डेक्कन कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षे गणित शिकवले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे त्यांचे मराठी पुस्तक १८६० साली निघाले. ग्रहांची स्थिती गणिताने कशी काढायची, हा त्याचा विषय.

बाळ गंगाधर टिळक १८७० च्या दशकात डेक्कन कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी होते आणि गणित घेऊन बी.ए. झाले. ग्रहगणित हा काही पदवीला गुण मिळवून देणारा भाग नव्हता. पण टिळकांचे १८९३ साली निघालेले ‘ओरायन’ वाचले, तर वेदांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी संपातचलनाचा, म्हणजे वसंतसंपाताचा बिंदू नक्षत्रांमधून हळूहळू सरकतो या गोष्टीचा आधार घेतलेला दिसतो. त्यांचे निष्कर्ष आज सगळे मान्य होतील असे नाही. परंतु खगोलगणिताची गोडी एका कॉलेजातून, एका शिक्षकाच्या सहवासातून पुढे चालत आली, हे मात्र त्यात दिसते.

३. पंचाहत्तर रुपयांचे गणित

२ जानेवारी १८८५ रोजी पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. ते सरकारने काढलेले नव्हते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या तरुण आजीव सदस्यांनी थोड्या पगारावर काम करायचे ठरवून ते चालवले. आज फर्ग्युसन मोठे वाटते; तेव्हा ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शिक्षकांचे कॉलेज होते.

त्या कॉलेजात गणित कोणी शिकवले याची यादी पाहिली तर आश्चर्य वाटते. सुरुवातीला टिळक. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही तेथे गणित शिकवले. शाळांसाठी त्यांचे अंकगणिताचे पुस्तक प्रसिद्ध आहे. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिल्यावर गणिताच्या जागेवर १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. एक पुढे लोकमान्य म्हणून, दुसरे भारत सेवक समाजाचे संस्थापक म्हणून, तिसरे स्त्रीशिक्षणाचे महर्षी म्हणून ओळखले गेले. तिघांनीही आधी फळ्यावर समीकरणे सोडवली.

कर्व्यांचेच नातलग रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजचे विद्यार्थी. येथून ते केंब्रिजला गेले आणि १८९९ साली तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानकरी, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर कोणत्याही सरकारी जागेवर त्यांना मोठा पगार मिळाला असता. ते दरमहा ७५ रुपयांवर फर्ग्युसनमध्ये परत आले आणि १९०२ साली प्राचार्य झाले.

या काळातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने गणितप्रेमींची एक संस्था निघाली; तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. अय्यर स्वतः सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. परदेशी पुस्तके आणि नियतकालिके एकट्याला परवडत नाहीत, म्हणून सर्वांनी मिळून मागवायची आणि सभासदांमध्ये टपालाने फिरवायची, अशी ती कल्पना होती. या सोसायटीचे ग्रंथालय अनेक वर्षे फर्ग्युसन कॉलेजात होते. जगात काय चालले आहे हे लहान कॉलेजला कळत नाही, ही अडचण या लोकांनी ओळखली होती आणि टपालाच्या पाकिटाने ती सोडवली होती.

४. एक बक्षीस आणि एक शाळामास्तर

आता या पाठातील मुख्य उदाहरणाकडे येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शाळा करून १९२३ साली ते फर्ग्युसनमध्ये आले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले.

यातील पारितोषिकाकडे नीट पाहा. ते विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला दिले जाणारे नव्हते. ते विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या गणितातील कामासाठी होते. म्हणजे ज्या कॉलेजच्या प्रश्नपत्रिका बाहेरून येत होत्या, त्या कॉलेजने प्रश्नपत्रिकेबाहेरच्या कामासाठी एक छोटी जागा राखली होती. २२ वर्षांच्या एका मुलाला त्या जागेने सांगितले की तुझ्या डोक्यात येते ते गणितच आहे.

कापरेकरांनी पुढे एम.एस्सी. केले नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकवत होते. त्यांनी जे शोधले ते आपण आत्ता, या ओळी वाचताना, करून पाहू शकतो.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या; चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. समजा १९५९. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा: ९९५१. चढत्या क्रमाने लिहा: १५९९. वजाबाकी करा: ९९५१ − १५९९ = ८३५२. आता ८३५२ साठी तेच करा: ८५३२ − २३५८ = ६१७४. पुन्हा करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. आता कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. सुरुवात कोणत्याही संख्येने करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ पाशी पोहोचतो. (मध्ये तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य लावून चार अंक करावेत.) या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला.

त्यांच्या दुसऱ्या शोधाचे उदाहरण: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. तसेच ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. तिसरे उदाहरण: एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवा. १५ + १ + ५ = २१, म्हणून २१ ही १५ पासून ‘जन्मली’. पण २० कोणत्याही संख्येपासून अशी मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असे नाव दिले.

आता दुसरी बाजू. कापरेकरांची गोष्ट सहसा कौतुकाने सांगून संपवली जाते. पण इतिहास लिहिताना किंमतही लिहावी लागते. त्यांना कॉलेजने जागा दिली, पण पुढची पायरी दिली नाही. त्यांच्यासमोर संशोधन करणारा मार्गदर्शक नव्हता आणि चर्चेला रोजचा सोबती नव्हता. शाळेच्या पगारातून ते परिषदांना जात आणि आपल्या पुस्तिका स्वतः छापून घेत. अनेक व्यावसायिक गणितज्ञांना त्यांचे काम म्हणजे आकड्यांची करमणूक वाटे. या आकड्यांच्या मागे काही सर्वसाधारण सिद्धान्त आहे का, हे विचारायला ज्या साधनांची गरज असते ती त्यांच्या हाती आली नाहीत. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. तोवर कापरेकर सत्तर वर्षांचे झाले होते. १९८६ साली ते वारले.

५. नागपूर, आणि पुढची पायरी

दुसरे उदाहरण आपल्या छत्तीसगढच्या अधिक जवळचे आहे. स्वातंत्र्यापूर्वी आजचा छत्तीसगढ, विदर्भ आणि महाकोशल हे सगळे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांताचे भाग होते आणि राजधानी होती नागपूर. तेथे १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स निघाले, तेच पुढे सरकारी सायन्स कॉलेज झाले. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागर येथे एका मराठी कुटुंबात झाला. भावंडे बरीच, परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीवर ते नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले आणि गणित घेऊन बी.एस्सी. ऑनर्स झाले. इथपर्यंत त्यांची वाट कापरेकरांसारखीच आहे: प्रांतातील एक कॉलेज, हुशार विद्यार्थी, पुढे काय ते माहीत नाही.

फरक पडला तो यानंतर. श्रीखंडे कलकत्त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे त्यांना राजचंद्र बोस भेटले. बोस यांचा जन्म होशंगाबादचा, म्हणजे तेही याच मध्य प्रांतात जन्मलेले. पुढे काही वर्षे श्रीखंड्यांनी नागपूरला शिकवले. नंतर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० साली पीएच.डी. केली.

ते ज्या प्रश्नावर काम करत होते तोही पाटीवर मांडता येतो. तीन ओळी आणि तीन रकाने घ्या. अ, ब, क ही अक्षरे आणि १, २, ३ हे अंक असे भरा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात प्रत्येक अक्षर एकदाच, प्रत्येक अंक एकदाच, आणि नऊही जोड्या वेगवेगळ्या याव्यात. एक उत्तर:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

गणितज्ञ ऑयलर यांनी हाच प्रश्न सहा पलटणींतील सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांसाठी मांडला. त्यांना उत्तर सापडले नाही. १७८२ साली त्यांनी अंदाज केला की ६, १०, १४, १८ अशा, म्हणजे चारने भागल्यावर बाकी दोन उरणाऱ्या, कोणत्याही संख्येसाठी अशी मांडणी असणार नाही. सहासाठी ते खरे आहे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी गॅस्तों तारी यांनी एकेक शक्यता तपासून सिद्ध केले. बाकीच्यांसाठीही ते खरे असेल असे पावणेदोनशे वर्षे मानले गेले.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ ओळींची मांडणी करून दाखवली. अर्नेस्ट पार्कर यांनी १० ची केली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की सहाच्या पुढे ऑयलरचा अंदाज प्रत्येक ठिकाणी चुकीचा आहे. त्या वर्षी २६ एप्रिलच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. तिघांना ‘ऑयलरचा अंदाज मोडणारे’ असे गमतीने म्हटले जाऊ लागले. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षात, वारले.

कापरेकर आणि श्रीखंडे यांच्यात कोण अधिक बुद्धिमान होते, हा प्रश्न आपल्यासमोर नाही. इतिहास म्हणून एवढेच दिसते: एकाला परीक्षेबाहेरची जागा मिळाली आणि पुढची पायरी मिळाली नाही, दुसऱ्याला पुढची पायरी मिळाली आणि त्याची दृष्टी एका सर्वसाधारण प्रश्नापर्यंत पोहोचली. लहान कॉलेजातल्या विद्यार्थ्याला या दोन्ही गोष्टी लागतात.

६. भिलाई: कारखाना आधी, कॉलेज मागून

आपल्या भागात कॉलेजे उशिरा आली. रायपूरचे छत्तीसगढ कॉलेज १९३८ सालचे. भिलाईचा कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. (म्हणूनच वर १९५९ ही संख्या घेतली. भट्टी पेटली आणि अडीच महिन्यांनी ऑयलरचा अंदाज मोडल्याची बातमी आली.) दुर्गचे विज्ञान महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले.

या भागातल्या मुलांचे पेपर कुठून येत, हेही पाहण्यासारखे आहे. आधी नागपूरहून, १९४६ साली सागर विद्यापीठ झाल्यावर सागरहून, १९६४ साली रविशंकर विद्यापीठ झाल्यावर रायपूरहून, आणि २०१५ साली दुर्ग विद्यापीठ झाल्यापासून दुर्गहून. सत्तर-ऐंशी वर्षांत परीक्षा हळूहळू घराजवळ आली. तिच्यातील प्रश्न मात्र फारसे बदलले नाहीत.

माझे आजोबा नागपूरकडून १९६० च्या दशकात कारखान्यात आले. मी १९९८ साली बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा आमचे राज्य मध्य प्रदेश होते. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ झाले आणि पदवी नव्या राज्यात मिळाली. तृतीय वर्षाला गणिताच्या वर्गात आम्ही नऊ जण होतो. ग्रंथालयात गणिताचे एक कपाट होते, त्याची किल्ली एका बाबूंकडे असे आणि ते बहुधा जागेवर नसत. आम्ही गाइड वाचून उत्तीर्ण होत होतो. वर्गात एका सरांना मी विचारले होते की युनिफॉर्म कन्व्हर्जन्स साध्या कन्व्हर्जन्सपेक्षा वेगळा का मानायचा. उत्तर काय मिळाले, ते तुम्ही ओळखलेच असेल.

आणखी एक आठवण सांगतो. निकाल लागल्यानंतर दाखला घ्यायला गेलो, तेव्हा नोटीस बोर्डाच्या काचेआड एक कागद दिसला. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रशिक्षण, राहण्या-जेवणाची सोय, प्रवासखर्च. अर्जाची तारीख केव्हाच उलटून गेली होती. तो कार्यक्रम म्हणजे एम.टी.टी.एस. प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी १९९३ साली नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सच्या मदतीने सुरू केलेला. त्यात विद्यार्थ्यांकडून पाठांतर करवून घेत नाहीत. प्रश्न विचारायला लावतात. देशभरातील लहान कॉलेजांची मुले तेथे पहिल्यांदा आपल्यासारख्याच इतर मुलांना भेटतात. १९०७ साली टपालाने फिरणारी नियतकालिके जे काम करत, तेच हे काम. माझ्यासाठी पुढची पायरी होती. ती काचेआड राहिली.

७. समारोप

आता त्या मुलाचे उत्तर. मी त्याला पुढच्या आठवड्यात बोलावून जे सांगितले, तेच येथे लिहितो.

लहान कॉलेजात गणित शिकल्याने भविष्य नाहीसे होत नाही. टिळकांपासून श्रीखंड्यांपर्यंत सर्वांची सुरुवात एखाद्या संलग्न कॉलेजातच झाली. पण कॉलेज लहान आहे म्हणून तेथे आपोआप काही मोठे घडते, हेही खरे नाही. प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली: परीक्षेत न येणारा प्रश्न विचारता येईल अशी एक तरी जागा तेथे आहे का? एक शिक्षक, दोन मित्र, उघडणारे एक कपाट, एवढे पुरते. दुसरी: तेथून पुढे जाणारी वाट माहीत असलेले कोणी आहे का? एम.टी.टी.एस.चा अर्ज, एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा, या गोष्टी वेळेत कळणे म्हणजे निम्मे काम. पहिली नसेल तर इंजिनिअरिंग सोडून काही मिळणार नाही. फक्त गाइडचा प्रकाशक बदलेल. दुसरी नसेल तर ती स्वतः शोधावी लागेल आणि आज ती फोनवर शोधता येते, हा कापरेकरांच्या काळापेक्षा मोठा फरक आहे.

मुलाने विचारले, “आणि सर, पप्पांना काय सांगू?” मी म्हणालो, निर्णय तुम्ही दोघांनी मिळून घ्या, मी घरी येऊन बोलेन. त्यांच्याकडे गेलो, चहा झाला. वडील रोलिंग मिलमध्ये आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली: “तुम्ही शिकवता तिथे हे होऊ शकत नाही का?”

तो प्रश्न मला अपेक्षित नव्हता आणि तो योग्य होता. इंजिनिअरिंग कॉलेजात गणितासाठी जागा नाही असे मी धरून चाललो होतो. पण फर्ग्युसनमध्येही ती आपोआप नव्हती, कोणीतरी ती राखली होती. या सत्रापासून दर शनिवारी शेवटचा तास आम्ही मोकळा ठेवला आहे. नियम एकच: जे परीक्षेत येते ते या तासाला विचारायचे नाही. सध्या पाच जण येतात. पहिल्या शनिवारी त्या मुलाचा जुना प्रश्न घेतला, अनंत पदांचे एकेक करून इंटिग्रेशन केव्हा चालते आणि केव्हा चालत नाही. त्याला तीन शनिवार लागले. तो इंजिनिअरिंग सोडणार की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही.

विचारासाठी प्रश्न

१. १८५७ च्या विद्यापीठ रचनेचा एक फायदा आणि एक तोटा तुमच्या स्वतःच्या कॉलेजच्या उदाहरणाने लिहा.

२. तुमच्या जन्मवर्षापासून सुरुवात करून ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते काढा. हीच कृती तीन अंकी संख्यांवर करा. कोणती संख्या मिळते? ती का मिळते, हे सिद्ध करता येईल का?

३. चार पत्त्यांच्या चार रंगांतील एक्का, राजा, राणी आणि गुलाम घेऊन ४ × ४ ची मांडणी करा. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक रंग व प्रत्येक चित्र एकदाच यावे.

४. तुमच्या कॉलेजची स्थापना केव्हा झाली आणि त्यापूर्वी तुमच्या जिल्ह्यातील विद्यार्थी कुठे शिकत व कोणत्या विद्यापीठाची परीक्षा देत, हे जुन्या शिक्षकांना विचारून एक पान लिहा. हे परीक्षेत येणार नाही.